निकितिनची इराणी वाट आणि आमची पाली

रेवदंड्यास अफनासी निकितिन या रशियन व्यापाऱ्याचा स्मारकस्तंभ उभा राहिल्यापासून त्याचें नांव आमच्या अष्टागरांत शाळकरी मुलांच्याहि तोंडीं झालें आहे. ही गोष्ट चांगलीच झाली. परंतु नांव तोंडीं झालें म्हणजे ग्रंथ वाचला गेला असें होत नाहीं. ‘तीन समुद्रांपलीकडील प्रवास’ या त्याच्या वृत्ताचा आमच्याकडे जो उपयोग होतो तो बहुतेक एका परिच्छेदापुरता. चौलचे लोक उघड्या अंगानें हिंडतात, केसांची एक वेणी घालतात, आणि गोरा मनुष्य पाहून त्याच्या मागें लागतात, एवढें सांगून लेखक मोकळे होतात. १९५७ सालच्या ‘परदेसी’ या चित्रपटानें त्यांत चंपा नांवाची नायिकाहि घातली; मूळ वृत्तांत तिचा मागमूस नाहीं. चौलच्या आधीं व वृत्ताच्या अखेरीस इराणांतील गांवांची जी यादी येते, ती मात्र रुक्ष म्हणून सारेच गाळतात. माझें म्हणणें असें कीं, आमच्या प्रांताच्या इतिहासास या वृत्ताचा सर्वांत उपयोगी भाग कोणता असेल तर तो ही रुक्ष यादीच होय.

प्रथम पोथीविषयीं. निकितिन त्वेर शहरचा. परततांना स्मोलेन्स्क गांठण्यापूर्वींच तो वारला. त्याच्या हातच्या वह्या व्यापाऱ्यांनीं मॉस्कोस मामिरेव नांवाच्या राजलेखकाकडे पोंचविल्या, आणि तेथून तें वृत्त रशियन बखरींत १४७५ सालच्या हकीकतींत दाखल झालें. मूळ वह्या आज नाहींत, आहेत त्या नकला. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं करमझिन या इतिहासकारास त्रोइत्सा मठाच्या संग्रहांत हें वृत्त सांपडलें, आणि १८५७ सालीं हॅक्ल्यूट सोसायटीच्या ग्रंथांत त्याचें इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध झालें. जुन्या रशियन लेखनांत आंकडे वर्णाक्षरांनीं लिहीत. नकलकाराची एक रेघ चुकली कीं संख्या बदलते. पोथ्या हाताळणाऱ्यांस हें निराळें सांगावयास नको. तेव्हां या वृत्तांतील एकेका आंकड्यावर इमारत रचूं नये. आंकड्यांच्या परस्परमेळावर रचावी.

वोल्गेच्या मुखाशीं लुटला गेल्यावर निकितिन बाकूवरून माझंदरानांत उतरला. चापाकूरास सहा महिने, सारीस एक, आमुलास एक; मग दमावंद, रय, काशान, नाईन, यज्द, सीरजान, तारुम, लार, आणि शेवटीं होर्मुझ. काशान व यज्द येथें महिना महिना मुक्काम. तारुमास गुरांना खजूर घालतात व खजुराच्या बतमनास चार आल्तीन पडतात, एवढें सांगून तो पुढें निघतो. प्राचीन नगरें पाहण्याच्या हौसेनें इराणची सडक धरणाऱ्या आजच्या प्रवाशाची हें वाचून निराशाच व्हावयाची. रय म्हणजे अवेस्तेंतील रघा; १२२० च्या सुमारास मोंगलांनीं ती उद्ध्वस्त केली. निकितिन सांगतो कीं, तेथें हुसेन व अलीचीं मुलें मारलीं गेलीं आणि त्या शापानें सत्तर शहरें ढासळलीं. हुसेन पडला तो ६८० सालीं करबल्यास, रयेस नव्हे. पण ओसाड शहराजवळून जाणाऱ्या परक्यास त्या काळीं वाटेवर काय ऐकूं येत असे, याचा हा पुरावा आहे. आणि पुरावा म्हणून तो मोलाचा आहे. परततांना शिराजहून अबरकूहकडे वळला तेव्हां जमशीदाच्या तख्ताचे खांब त्याच्या वाटेपासून फारसे दूर नव्हते. त्यांविषयीं एक अक्षर नाहीं. त्याच सुमारास उझून हसनकडे आलेल्या बार्बारो या व्हेनिसच्या वकिलानें ते अवशेष पाहून त्यांचें वर्णन केलें, आणि निकितिनहि त्याच राजाच्या छावणींत दहा दिवस राहिला होता. वकिलाचा डोळा वेगळा, व्यापाऱ्याचा वेगळा. निकितिनजवळ शिल्पाचें वर्णन मागणें म्हणजे वाण्याच्या खतावणींत काव्य शोधणें आहे. खतावणींत शोधावा तो हिशेब.

तो हिशेब परतीच्या वाटेवर सांपडतो. लारहून शिराज १२ दिवस, शिराजहून अबरकूह १५, अबरकूहहून यज्द ९, यज्दहून इस्फहान ५. आजच्या सडकेनें हीं अंतरें अनुक्रमें सुमारें सव्वादोनशें, दीडशें, नव्वद व दोनशें मैल भरतात. म्हणजे रोजची मजल पहिल्या टप्प्यांत अठरा मैलांची, पुढच्या दोहोंत दहांची, आणि चवथ्यांत एकदम चाळीसांची. हा चाळिसाचा आंकडा मी सोडून देतों. ओझ्याच्या जनावरांची ती चाल नव्हे. उरतें तें असें कीं, कोरड्या मुलखांत, बांधलेल्या कारवानवाटेनें, हा मनुष्य दिवसास दहा ते अठरा मैल चालतो. हा झाला आपला गज. तो हातांत घेऊन आतां कोंकणांत यावें.

चौलहून पायरस्त्यानें आठ दिवसांत पाली, जेथें डोंगर लागतात. पालीहून दहा दिवसांत उमरी. उमरीहून सहासात दिवसांत जुन्नर. ही पाली म्हणजे सुधागडाखालची बल्लाळेश्वराची पाली, असें मी वर्गांत कित्येक वर्षें सांगत आलों. आधार काय, तर नांवाचें साम्य. संस्कृत शिकलेल्या मनुष्यानें तरी इतकें भोळें असूं नये. ‘पल्ली’ म्हणजे लहान वस्ती. तीपासून झालेल्या पाल्या कोंकणांत ठायीं ठायीं आहेत, रत्नागिरीकडेहि एक आहे. पुढें सेवानिवृत्तीनंतर सवड मिळाली तेव्हां वरील गज लावून पाहिला आणि माझा धीर सुटला. चौलपासून पाली रोह्यावरून फार तर चाळीस मैल. इराणी मजलेनें तो तीनचार दिवसांचा रस्ता. निकितिनास आठ दिवस कसे लागले? कांहीं काळ मी ही ओळख चुकीची धरूनच चाललों होतों.

परंतु पुढचे टप्पे तपासले नव्हते, ही माझी चूक. पालीहून बोरघाटानें जुन्नर सुमारें शंभर मैल. त्यास निकितिनचे सोळासतरा दिवस, म्हणजे रोजचे सहा मैल. खालच्या टप्प्यांत रोजचे पांच. इराणांतील चालीच्या मानानें दोन्ही मंद, पण आपसांत मिळते! पाली दुसरीकडे कोठें दूर धरली असती तर हे दोन टप्पे इतके जुळले नसते. आणखी एक गोष्ट. चौलहून जुन्नरास जाणारा कल्याणवरून नाणेघाट चढला तर पाली त्याच्या वाटेंत येतच नाहीं. पालीस जो जातो तो बोरघाट किंवा सुधागडाजवळची सवाष्णीची वाट धरण्यासाठींच. घोडा बरोबर असल्यास बोरघाटच सोयीचा.

मंदपणाचें कारण त्यानें स्वतःच दिलें आहे, पण तें दुसऱ्या पानावर असल्यामुळें कोणी जोडून पाहत नाहीं. ईस्टरनंतरच्या आठवड्यांत तो होर्मुझहून घोड्यांच्या गलबतांतून निघाला, सहा आठवडे समुद्रावर होता, आणि ईस्टरनंतरच्या सातव्या आठवड्यांत चौल सोडून चालूं लागला. पाऊस लागला तो त्रिमूर्तीच्या सणास, म्हणजे ईस्टरपासून सात आठवड्यांनीं; पुढें चार महिने जिकडे तिकडे पाणी व चिखल. म्हणजे ही सारी वाट मृगाच्या पावसांत! ज्यानें ज्येष्ठांत नागोठण्याच्या खाडीकांठचा चिखल तुडविला आहे त्यास रोजचे पांच मैलहि बरेच वाटतील. शिवाय त्याची सारी पुंजी म्हणजे तो एक घोडा. त्यावर शंभर रूबल खर्चले असें तो सांगतो. असें जनावर निसरड्या वाटेवर कोणी दामटीत नाहीं.

सालाच्या वादासहि यांतून थोडा प्रकाश मिळतो. जुने अभ्यासक त्याचें चौलास येणें १४६९ सालीं धरीत. पुढें सेम्योनोव्ह या रशियन पंडितानें तें १४७१ सालीं नेलें. मीं ईस्टरचें गणित करून पाहिलें. तो सण १४६९ सालीं आजच्या पद्धतीनें ३० मे रोजीं पडतो, १४७१ सालीं ११ जूनला. आमच्या किनाऱ्यावर पाऊस बसतो तो जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यांत. तेव्हां कौल १४७१ कडे जातो. सूर्य मृगांत शिरण्याची तारीख तेव्हां आठनऊ दिवस अलीकडे होती, हें खरें. पण पाऊस ऋतु पाहतो, नक्षत्राचें नांव पाहत नाहीं. मात्र निकितिनचीं धर्मपुस्तकें लुटींत गेलीं होतीं आणि सणांचे दिवस तो अदमासानें धरी, हें विसरून या गणितावर अधिक भार टाकूं नये.

याच जुळणीचा दुसरा निष्कर्ष आमच्या गांवकऱ्यांस रुचणार नाहीं. सहा आठवड्यांची सफर आणि सातव्या आठवड्यांतलें प्रयाण यांत चौलच्या मुक्कामास जागा उरते ती थोड्या दिवसांचीच. महिना महिना राहिला तो काशानास व यज्दास, चौलास नव्हे. चौलच्या तत्कालीन समाजाचें चित्र त्याच्या आधारें रंगवूं पाहणाऱ्यांनीं हें ध्यानांत ठेवावें.

इराणांतील त्या लांब मुक्कामांचें फळ मात्र त्यास घाटावर मिळालें. घोड्यांना येथें हरभरा व खिचडी घालतात असें तो सांगतो, तेव्हां हरभऱ्यास शब्द वापरतो तो ‘नखूद’, फारसी. स्वतःचें नांव सांगतो तें खोजा यूसुफ खोरासानी. जुन्नरास असदखानानें त्याचा घोडा हिरावला आणि मुसलमान हो म्हणून चार दिवसांची मुदत दिली, तेव्हां रदबदली करून घोडा परत देवविणारा गृहस्थहि खोजा महंमद नांवाचा खोरासानीच. असदखानाचा धनी मलिकुत्तुजार म्हणजे महमूद गावान, तोहि गीलानचा. सत्ताधारी सारे खोरासानी, असें निकितिन लिहितो तें याच अनुभवानें. आणि किनाऱ्याचा हा संबंध त्यावेळीं नवा नव्हता: दहाव्या शतकाच्या आरंभीं मसूदीनें सैमुरास, म्हणजे आपल्या चौलास, इराणी किनाऱ्यावरील सीराफच्या लोकांची वस्ती पाहिली होती.

राहिली उमरी. मावळांत वडगांवाजवळ नवलाख उंबरे म्हणून जुनें गांव आहे. पालीपासून तें पन्नासएक मैल, तेथून जुन्नर सुमारें तितकेंच. दहा दिवसांस रोजचे पांच मैल आणि घाट चढल्यावर, उतरत्या पावसाच्या मोकळ्या मुलखांत, रोजचे सात, हा मेळ मला पटण्याजोगा वाटतो. परंतु नांवाच्या साम्यानें एकदां फसलेला मनुष्य मी. तेव्हां ही केवळ सूचना समजावी. मावळच्या देशमुखांच्या दप्तरांत उंबऱ्याच्या पेठेचा किंवा जकातीच्या चौकीचा जुना उल्लेख कोणा संग्राहकाजवळ असल्यास त्यानें तो येथें प्रसिद्ध करावा; पाली, उंबरे, जुन्नर ही ओळ त्यावर टिकेल किंवा पडेल.