एका आकड्याचे परीक्षण : उदरशस्त्रक्रियेनंतरची आसंजने

उदरावरील शस्त्रक्रियेनंतर आतडी एकमेकांस अथवा उदरभित्तीस व्रणतंतूंच्या बंधांनी चिकटतात. या बंधांस आसंजने म्हणतात. त्यांत आतडे अडकले वा पिळवटले, तर आंत्ररोध होऊन प्राणावर बेतते. या विषयावरील लेखनात, तीनांपैकी एक रुग्ण आसंजनांमुळे पुन्हा रुग्णालयात येतो, अशा अर्थाचे विधान वारंवार आढळते. त्याचा आधार म्हणजे हॅरॉल्ड एलिस व सहकारी यांचा १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेला निबंध होय.

स्कॉटलंडमधील आरोग्यसेवेच्या नोंदींवरून, १९८६ साली उदर वा श्रोणी उघडून शस्त्रक्रिया झालेल्या २९,७९० रुग्णांचा दहा वर्षांचा मागोवा या निबंधात घेतला आहे. हा व्याप निःसंशय प्रशंसनीय आहे. त्यांपैकी ३४.६ टक्के रुग्ण पुन्हा दाखल झाले, हेही खरे. परंतु या संख्येत तीन वर्ग सामावले आहेत : आसंजनांशी प्रत्यक्ष संबंध असलेले, संबंध केवळ संभाव्य असलेले, आणि ज्यांच्या पुढील शस्त्रक्रियेत आसंजनांची अडचण येऊ शकली असती असे. प्रत्यक्ष संबंधाचे प्रसंग एकंदर पुनःप्रवेशांच्या ५.७ टक्के, म्हणजे १,२०९ भरतात. लेखकांनी हे वर्ग वेगळे मांडले. उद्धृत करणाऱ्यांनी ते एकत्र कालवले. १,२०९ ही संख्या काही क्षुल्लक नव्हे. भय खरे आहे. ते फुगविण्याचे कारण नाही.

हा प्रमाद निव्वळ अंकगणिताचा नाही. आसंजने आणि व्याधी यांस एकच मानले, की उपायांची कसोटीही सैल होते. हायल्युरोनेटयुक्त विरघळणाऱ्या पटलाचे उदाहरण घ्यावे. बेकर आदींच्या १९९६ च्या प्रयोगात पटल वापरलेल्यांपैकी ५१ टक्के रुग्ण आसंजनमुक्त आढळले. न वापरलेल्यांत अवघे ६ टक्के. पण फॅझिओ आदींनी २००६ साली रुग्णांत आंत्ररोधाचे एकूण प्रमाण पाहिले, तेव्हा दोन्ही गटांत फरक दिसला नाही. मात्र आसंजनजन्य आंत्ररोधासाठी पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागण्याचे प्रमाण ३.४ वरून १.८ टक्क्यांवर आले. आतड्याच्या नव्या जोडावर पटल गुंडाळले असता जोड गळण्याचा धोकाही वाढलेला दिसला.

तेव्हा पटल निरुपयोगी नाही. पण बंध घटले म्हणजे रुग्ण वाचला, असेही नाही. नवा उपाय पुढे आला की वाचकाने प्रथम एवढेच विचारावे : यात मोजले काय आहे, बंध की रुग्णाचे दुःख?