हौशी कोरस संथ गातो तेव्हा: लयीबद्दल शेरा मारण्याआधी

परीक्षकांच्या शेऱ्यांमध्ये दोन वाक्यं सारखी भेटतात, आणि खरं सांगायचं तर प्रबंधांमध्येसुद्धा. गाणारे व्यावसायिक असतील तर “लय संथ ठेवून अर्थाला खोली दिली आहे”. गाणारे हौशी असतील तर “लय रेंगाळते”. आता दोन्ही ध्वनिमुद्रणांचा वेग मोजला आणि तो सारखाच निघाला, तर? मग पहिल्यातली खोली आणि दुसऱ्यातलं रेंगाळणं आलं कुठून? गाण्यातून, की कार्यक्रमपत्रिकेवरच्या नावांतून?

संगीताच्या सादरीकरणावर संशोधन करायचं असेल तर हा प्रश्न पहिल्याच महिन्यात समोर येतो. त्याचं उत्तर हवेत शोधण्यापेक्षा एकच गाणं हातात घेऊ या: व्हेर्दीच्या ‘नाबुक्को’ या ऑपेरातला ‘वा, पेन्सिएरो’ हा कोरस. हा ऑपेरा मिलानच्या ला स्कालामध्ये १८४२ साली पहिल्यांदा झाला. बॅबिलोनमध्ये कैदेत असलेले ज्यू लोक युफ्रेटिसच्या काठी आपल्या देशाची आठवण काढतात, असा प्रसंग. हौशी गायकवृंदांचा हा आवडता तुकडा आहे आणि त्याचं कारण साधं आहे. बराचसा भाग सगळे मिळून एकाच सुरावटीत गातात, सोलो गायक लागत नाही, आणि चाल एकदा ऐकली की डोक्यात बसते. म्हणजे सोपा वाटतो. लयीच्या बाबतीत तो अजिबात सोपा नाही.

कागदावर काय आहे

नोटेशनवर ‘लार्गो’ लिहिलंय, म्हणजे विस्तीर्ण, संथ. सुरुवातीला ‘सोत्तो वोचे’ अशीही सूचना आहे, म्हणजे दबलेल्या आवाजात. या दोन शब्दांवरून बरेच जण निष्कर्ष काढतात की हे जितकं संथ तितकं बरं. पण शब्द बघा. सोलेराने लिहिलेली ओळ दहा अक्षरांची आहे आणि तिच्यात आघात तिसऱ्या, सहाव्या आणि नवव्या अक्षरावर येतात. दोन हलकी एक जड, दोन हलकी एक जड, पुन्हा तसंच. ही चालती ओळ आहे. लय एका मर्यादेपलीकडे खाली गेली की प्रत्येक अक्षराला सारखंच वजन मिळायला लागतं, आघात बुजतात आणि ओळ चालायची थांबते. तेव्हा पहिली कसोटी कुठल्याही प्रसिद्ध ध्वनिमुद्रणाशी तुलना करण्याची नसून ही आहे: डोळे मिटून ऐकल्यावर ते तीन आघात कळतात का? इटालियन येत नसेल तरी ही कसोटी लावता येते.

दुसरी गोष्ट श्वासाची. एका ओळीला साधारण आठ मात्रा लागतात. मिनिटाला ६० मात्रांचा वेग धरला तर ओळ ८ सेकंदांत संपते. ४८ ला १० सेकंद, ४० ला १२. आठवड्यातून एकदा, ऑफिसनंतर तालमीला येणाऱ्या माणसाला दबलेल्या आवाजात १२ सेकंद सूर धरणं जड जातं, कारण हळू आवाजात सूर टिकवायला श्वासावर जास्त ताबा लागतो. कोरसमध्ये यावर उपाय असतो: शेजारी-शेजारी उभ्या असलेल्यांनी आळीपाळीने श्वास घ्यायचा, म्हणजे एकूण आवाज तुटत नाही. मुरलेले गायकवृंद हे सवयीने करतात. नवखे सगळे एकदम श्वास घेतात आणि ओळीच्या मधोमध भोक पडतं.

ते भोक आपल्या कामाचं आहे. शब्द मध्येच तुटतो, त्याच्या आधी आवाज पातळ होतो, सूर किंचित खाली उतरतो: या तीन खुणा एकत्र दिसल्या तर तिथली लय बहुधा श्वासाने ठरवली आहे, संचालकाने नाही.

तिसरी गोष्ट साथीची. ऑर्केस्ट्रातली तंतुवाद्यं सूर लांबवू शकतात. पियानोचा सूर वाजल्या क्षणापासून विरत जातो. हौशी कार्यक्रमात बहुतेक वेळा पियानोच असतो, त्यामुळे तोच वेग तिथे जास्त रिकामा ऐकू येतो. उलट मोठ्या चर्चमध्ये आवाज घुमतो, एका शब्दाची शेपटी पुढच्यात मिसळते, आणि शहाणा संचालक मुद्दाम थोडं थांबतो. म्हणजे ‘वेग किती’ हे विचारण्याआधी ‘कुठे, कशाच्या साथीने, किती जण’ हे लिहून ठेवायला हवं.

निवड की नाइलाज?

इथपर्यंत आलं की एक सुटसुटीत नियम सुचतो. संथपणा निवडून घेतलेला असेल तर तो अन्वयार्थ, नाइलाजाने आला असेल तर दोष. आणि हे ओळखायची युक्तीही हाताशी आहे. चाल परत येते तेव्हा कोरस त्याच जागी पुन्हा थांबतो का, ते बघायचं. थांबला तर ठरवून, नाही तर चुकून.

ऐकायला छान. पण इथे दोन अडचणी आहेत.

पहिली म्हणजे अवघड जागा दोन्ही वेळा अवघडच असते. दम संपण्याची जागाही ठरलेली असते. त्यामुळे नुसती पुनरावृत्ती हा हेतूचा पुरावा होत नाही. ज्या जागी शारीरिक अडचण दिसत नाही, आवाजही भरलेला आहे आणि तरी लय दोन्ही वेळा वळते, तिथे हेतूबद्दल बोलायला थोडी जागा मिळते. त्यापुढे जायचं तर तालमीचं ध्वनिमुद्रण, संचालकाने खुणा केलेली प्रत किंवा मुलाखत लागेल.

दुसरी अडचण जास्त मोठी आहे. निवड आणि नाइलाज ही जोडीच तितकी पक्की नाही. समजा एका संचालकाला माहीत आहे की आपल्या लोकांना १२ सेकंदांची ओळ झेपणार नाही. तो लय थोडी वाढवतो, ओळ एका श्वासात बसवतो, आघात ठसठशीत म्हणून घेतो. परिणामी कैद्यांचं ते गाणं थकलेल्या विलापाऐवजी चालत्या माणसांचं होतं. याला नाइलाज म्हणायचं की अन्वयार्थ? माझ्या मते हा सरळ अन्वयार्थ आहे, आणि चांगला आहे. मर्यादा ओळखून घेतलेला निर्णय व्यावसायिक रंगमंचावरही रोज होतो, फक्त तिथे त्याला मर्यादा म्हणत नाहीत. ऐकताना प्रश्न मग असा विचारायचा: या लयीत शब्द, श्वास आणि आवाज एकमेकांना धरून आहेत का? धरून असतील तर वेग ६० असो की ४४, समीक्षकाने त्या लयीचा अर्थ लावायचा. सुटले असतील तर कुठल्या जागी आणि का, ते सांगायचं.

आपल्या कानाची सवय

मराठी श्रोत्याला इथे एक वेगळा धोका आहे. ख्यालाच्या संगतीत वाढलेल्या कानाला विलंबित म्हणजे गंभीर, सखोल असं वाटतं, आणि ख्यालात ते योग्यच आहे. तिथे दोन मात्रांमधली मोकळी जागा गायक आलापाने, बोलांनी भरतो. व्हेर्दीच्या कोरसमध्ये स्वर लिहिलेले आहेत. जागा वाढवली तरी भरायला नवीन काही मिळत नाही, तोच स्वर ताणावा लागतो. म्हणून ‘विलंबित असल्यामुळे भारदस्त’ हा शेरा इथे उचलून आणला तर तो गाण्याबद्दल कमी आणि आपल्या कानाबद्दल जास्त बोलतो.

आणि मग ती दंतकथा

या कोरसला आणखी एक ओझं आहे. पहिल्या प्रयोगाला मिलानच्या प्रेक्षकांनी त्याला देशभक्तीच्या भरात वन्समोअर दिला, अशी कथा वर्षानुवर्षं सांगितली गेली. ‘नाबुक्को’ची चिकित्सक आवृत्ती संपादित करणारे रॉजर पार्कर यांनी त्या काळचे अहवाल तपासले तेव्हा त्या कथेला आधार मिळाला नाही. वन्समोअरचा उल्लेख होता तो शेवटाकडच्या दुसऱ्याच एका समूहगानाचा. ‘राष्ट्रगीतासारखं’ हे रूप पुढे घडत गेलं. १९०१ मध्ये व्हेर्दीच्या अंत्ययात्रेच्या वेळी तोस्कानिनीच्या संचालनाखाली शेकडो गायकांनी ते गायलं, तोवर ते पक्कं झालं होतं. याचा लयीशी संबंध असा, की गाणं पवित्र मानलं की लोक ते उभं राहून, जड पावलांनी गातात. मग तो जडपणाच मूळचा समजून त्यापेक्षा हलक्या सादरीकरणाला ‘उथळ’ म्हटलं जातं.

याच्या उलट बाजूचं उदाहरणही आहे. मार्च २०११ मध्ये, इटलीच्या एकीकरणाला १५० वर्षं होत असताना, रोमच्या ऑपेरा हाउसमध्ये रिकार्दो मुती ‘नाबुक्को’चं संचालन करत होते. कोरस संपल्यावर प्रेक्षकांनी वन्समोअर मागितला. सरकार संस्कृतीवरचा खर्च कमी करत होतं. मुती त्याविरुद्ध बोलले आणि मग त्यांनी प्रेक्षकांनाच गायला बोलावलं, लयीत गायचं अशी अटही घातली. मग प्रेक्षागृहाकडे वळून त्यांनी सगळ्यांचं संचालन केलं. तालीम नाही, हातात नोटेशन नाही, असा हा हजारो कानांपुढचा हौशी कोरस. इथे आळीपाळीच्या श्वासाची कसोटी लावणं हास्यास्पद ठरेल. इथे लयीचं काम एकच होतं, अनोळखी माणसांना एकत्र धरून ठेवणं, आणि परीक्षण त्याचंच व्हायला हवं. पण प्रसंग भारावणारा होता म्हणून गाणंही उत्तम झालं, असं लिहिलं तर ती समीक्षा नव्हे, बातमी.

मोजायचं कसं

लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठात तयार झालेलं सॉनिक व्हिज्युअलायझर हे सॉफ्टवेअर मोफत आहे. ध्वनिमुद्रण त्यात उघडा आणि ऐकता ऐकता प्रत्येक मात्रेवर कळ दाबून खूण करा. आपोआप मात्रा शोधणारी साधनं कोरसवर फार विसंबू नका. मऊ आवाजात एकत्र उचललेल्या स्वराची सुरुवात यंत्राला नीट सापडत नाही. एकच तुकडा तीनदा खुणवा. तुमच्याच तीन मोजण्यांत जितका फरक पडतो, तितका फरक दोन गायकवृंदांमध्ये दिसला तर त्यावर एकही वाक्य लिहू नका. शक्य असेल तर कोण गातंय हे न सांगता मित्राकडूनही मोजून घ्या.

सरासरी वेगावर थांबू नका. सरासरी ४६ आली, यातून काहीच कळत नाही. पहिली ओळ ५० ने सुरू होऊन चौथीला ४२ वर घसरली, की सगळीकडे ४६ च आहे? एकसुरात गात असताना मधे अचानक आवाज मोठा होऊन सुरावटी फुटतात, तिथे वेग वाढला का? मोठ्याने गाताना पुढे पळणं ही समूहगायनाची जुनी सवय आहे, आणि ती आलेखात लगेच दिसते.

आणि शेवटी वाक्य. “लय रेंगाळते” याऐवजी असं लिहून बघा: “पियानोच्या साथीने, मिनिटाला सुमारे ४२ मात्रांच्या वेगात, दुसऱ्या आणि चौथ्या ओळीच्या मध्यावर सगळे एकदम श्वास घेतात. त्यामुळे तिसरा आघात ऐकू येत नाही.” हे वाक्य लांब आहे, पण गायकवृंदाने वाचलं तर पुढच्या तालमीत त्याचं काहीतरी करता येईल. ते खोटं असेल तर ध्वनिमुद्रण लावून कुणीही खोडू शकेल. गाइडला पहिला मसुदा दाखवण्याआधी तुमच्या टिपणांतलं प्रत्येक ‘रेंगाळणं’ आणि प्रत्येक ‘खोली’ शोधा, आणि त्या जागी असं वाक्य लिहिता येतं का ते पाहा.