सतार-सरोद जुगलबंदी : एक विचार

जुगलबंदी म्हणजे दोन वादकांची चढाओढ, असा समज रूढ आहे. रविशंकर व अली अकबर खाँ यांनी ८ ऑक्टोबर १९७२ रोजी न्यूयॉर्कच्या फिलहार्मोनिक सभागृहात वाजविलेला हेम-बिहाग ऐकल्यावर तो टिकत नाही. हा राग त्यांचे गुरू अल्लाउद्दीन खाँ यांची निर्मिती. गुरुनिधनास तेव्हा जेमतेम महिना लोटला होता.

सतारीत पडद्यावर तार खेचून मींड काढावी लागते. सरोदास पडदेच नाहीत; तेथे बोट धातूच्या पट्टीवरून घसरते. नादाच्या मुळाशीही भेद आहे : सतारीस भोपळा, सरोदास कातडे. (सोलापूर म्हटले की आज चिंचोळीची औद्योगिक वसाहत आठवते, मिरजेच्या सतारींना भोपळा मात्र याच जिल्ह्यातील पंढरपूर-मंगळवेढे भागातून जातो.) त्यामुळे एकच स्वरवाक्य दोन्ही वाद्यांवर उच्चारले की त्याचा भाव पालटतो. या आलापीचे मर्म त्या पालटात आहे. एकाने सोडलेला स्वर दुसरा उचलतो, खोडून काढीत नाही.

मैफलीत पुढे अल्लारखाँच्या तबल्यासह लय चढते, श्रोते सुखावतात. परंतु तेथे राग काहीसा पातळ होतो, हेही नमूद केले पाहिजे.