जिवाणू कमी झाले, पण कशामुळे?

जन्मजात हृदयविकार असलेल्या बाळांच्या आतड्यातल्या जिवाणूंवरचे पेपर वाचताना माझा पहिला प्रश्न असतो: तुलना कुणाशी केलीय? बऱ्याचदा एकीकडे आयसीयूतलं बाळ असतं, अँटिबायोटिक चालू, तोंडाने दूध बंद. दुसरीकडे घरी आईचं दूध पिणारं निरोगी बाळ. मग बिफिडोबॅक्टेरियम कमी दिसले तर दोष हृदयाचा की औषधाचा? शिवाय १६एस सिक्वेन्सिंग नुसतं प्रमाण सांगतं. एक जिवाणू घटला की दुसरा आपोआप ‘वाढलेला’ दिसतो.

प्रश्न मात्र खरा आहे. आतड्याला रक्त कमी पडलं तर या बाळांना नेक्रोटायझिंग एन्टरोकोलायटिससारखा जीवघेणा आजार होऊ शकतो. म्हणूनच अँटिबायोटिक सुरू होण्याआधीचा नमुना हवा, आणि त्याच वॉर्डातला, हृदय ठीक असलेल्या बाळांचा गटही. पेपर उघडलात की निष्कर्षाआधी कंट्रोल ग्रुप बघा.