जोडीचे स्थान : अतिसंवाहकतेतील एका रूपकाची चिकित्सा

अलिबागजवळील किहीम येथे १९३० च्या पावसाळ्यात सलीम अली यांनी सुगरण पक्ष्यांच्या वसाहतीचे निरीक्षण केले. नर अर्धवट घरटे विणतो, मादी ते पसंत करून ताबा घेते, आणि ते पुरे होताच नर दुसरे विणावयास घेतो, हे त्यांना उमगले ते घरट्यांशी बसून पाहिल्यामुळे. नर-मादीची कायम जोडी हे गृहीतक तेथे टिकले नाही.

इलेक्ट्रॉनांच्या 'जोडी'विषयी लिहिणाऱ्यांनीही असाच सावधपणा बाळगावयास हवा. पाठ्यपुस्तकांतील चित्रांत दोन इलेक्ट्रॉन हातात हात घालून चालतात. बार्डीन, कूपर व श्रीफर यांच्या १९५७ च्या सिद्धांतात मात्र जोडी ठरते ती परस्परविरुद्ध संवेगांवरून. स्थानाच्या भाषेत पाहता एका जोडीच्या विस्तारात इतर लक्षावधी जोड्यांचे मध्य सामावतात. सारे इलेक्ट्रॉन एकसारखेच असल्याने कोण कोणाचा जोडीदार, हा प्रश्नच निरर्थक ठरतो.

संस्थितीय अतिसंवाहकांच्या बाबतीत तर हे चित्र उघड दिशाभूल करते. रीड व ग्रीन यांनी २००० साली एकाच परिवलनाच्या, द्विमितीय व्यूहासाठी जोडीचे तरंग-फलन स्थानाच्या भाषेत मांडले. प्रबल जोडणीत ते अंतराबरोबर घातांकीय वेगाने विरते. घरट्यातल्या जोडीची उपमा येथे शोभते खरी. पण ही अवस्था संस्थितीच्या दृष्टीने अगदी सामान्य होय. दुर्बल जोडणीत ते अंतराच्या व्यस्त प्रमाणात, म्हणजे फार सावकाश, घटते. आणि संस्थितीय अवस्था ती हीच. अर्थात नुसता विस्तार पुरेसा नाही, कारण ॲल्युमिनियममधील जोड्याही ऐसपैस असतात. एका इलेक्ट्रॉनाभोवती दुसरा फिरविला असता फलनाच्या कलेनेही एक पूर्ण फेरा घेतला पाहिजे. संवेगावकाशातील वेटोळ्यांची संख्या काढून थांबणाऱ्या लेखनातून जोडीचा हा आकार निसटतो.

किहीमपासून समुद्रापलीकडे, मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, बिस्मथचा शुद्ध स्फटिक ०.५३ मिलिकेल्विनखाली अतिसंवाहक होतो असे आढळले. हा निष्कर्ष २०१६ च्या डिसेंबरात प्रसिद्ध झाला. बिस्मथमध्ये सुमारे एक लाख अणूंमागे एकच मुक्त इलेक्ट्रॉन असल्याने १९५७ च्या सिद्धांताची नेहमीची गृहीतके तेथे लागू पडत नाहीत. या धातूच्या ऊर्जापट्टांची संस्थिती असामान्य आहे, एवढ्यावरून त्याच्या अतिसंवाहकतेलाही संस्थितीय म्हणणे घाईचे होईल. ऊर्जापट्ट एकेकट्या इलेक्ट्रॉनाचे असतात. जोडीची कला कशी फिरते हे त्यांवरून ठरत नाही.