अध्यापकाचे आसन आणि पक्षप्रचार : मॅक्स वेबर यांच्या एका व्याख्यानाची चिकित्सा

प्रास्ताविक :
विद्यापीठीय अध्यापकाने पक्षप्रचार करावा काय, हा प्रश्न निवडणुकांच्या काळात वारंवार उपस्थित होतो. त्याची एक काटेकोर मांडणी जर्मन समाजशास्त्रज्ञ मॅक्स वेबर यांनी ७ नोव्हेंबर १९१७ रोजी म्युनिक येथे विद्यार्थ्यांपुढे दिलेल्या व्याख्यानात आढळते. जीवितकार्य म्हणून ज्ञानसाधना हा त्याचा विषय होता. १९१९ मध्ये ते प्रसिद्ध झाले.

विवेचन :
वर्गात पक्षीय राजकारणाला स्थान नाही, हे वेबर यांचे प्रतिपादन आहे. जाहीर सभेत वक्त्याला विरोध करता येतो. वर्गात मात्र विद्यार्थ्याला मौन पाळावे लागते आणि भवितव्यासाठी तेथे उपस्थित राहणेही भाग असते. या विवशतेचा लाभ घेऊन स्वमत लादणे वेबर यांना बेजबाबदारपणाचे वाटते.

तथापि अध्यापकाच्या पक्षनिष्ठेवर बंदी घालणे त्यांना मान्य नव्हते. प्रशियात १८९८ च्या कायद्याच्या आधारे पदार्थविज्ञानाचे अध्यापक लिओ अरोन्स यांना समाजवादी पक्षाचे सदस्यत्व भोवले. १९०० मध्ये त्यांना बर्लिन विद्यापीठातून दूर करण्यात आले. पुढे समाजवादी रॉबर्ट मिशेल्स यांना जर्मन विद्यापीठांची दारे बंद झाली, तेव्हा वेबर यांनी जाहीर निषेध केला. जानेवारी १९१९ च्या निवडणुकीपूर्वी त्यांनी स्वतः जर्मन लोकशाही पक्षाचा प्रचार केला.

हा भेद पाळणे त्यांनाही सोपे गेले नाही. जानेवारी १९२० मध्ये कुर्ट आयस्नर यांच्या मारेकऱ्याचा मृत्युदंड रद्द झाला. त्याविषयी वेबर वर्गातच बोलले. परिणामी उजव्या गटाच्या विद्यार्थ्यांनी त्यांच्या व्याख्यानात गोंधळ घातला.

मर्यादा :
वेबर यांनी सीमारेषा प्रामुख्याने वर्गाच्या दाराशी आखली. अध्यापकाची सत्ता मात्र तेथेच संपत नाही. अंतर्गत गुण, संशोधनाचे मार्गदर्शन, नेमणुकीच्या शिफारशी यांमधूनही ती चालते. प्राध्यापकाने प्रचारसभेचे निमंत्रण आपल्या संशोधक विद्यार्थ्याला दिले, तर ते नाकारणे त्याला कितपत शक्य असते? येथे स्थळ वर्गाबाहेरचे असले तरी विवशता तीच असते.

भारतात याला आणखी एक पैलू आहे. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ च्या कलम १५९ नुसार कायद्याने स्थापन झालेल्या विद्यापीठांचे कर्मचारी निवडणुकीच्या कामासाठी मागविता येतात. म्हणजे काल सभेत मते मागणारा अध्यापक उद्या मतदान केंद्रावर निःपक्ष अधिकारी म्हणून बसू शकतो. दुसरीकडे, राज्यघटनेचा अनुच्छेद १७१ विधान परिषदेत शिक्षकांसाठी स्वतंत्र मतदारसंघ देतो. महाराष्ट्रात अशा ७ जागा आहेत. शिक्षकाला राजकारणापासून सर्वस्वी दूर ठेवणे घटनाकारांनाही अभिप्रेत नव्हते, हे यावरून दिसते.

निष्कर्ष :
अध्यापक कोणत्या पक्षाचा आहे, यापेक्षा समोरच्या व्यक्तीला त्याला नकार देता येतो की नाही, हा निकष अधिक न्याय्य ठरतो. वेबर यांच्या विचाराचे मर्म तेच आहे. ते परीक्षा, संशोधन आणि कार्यालय यांनाही लागू केले, तर अध्यापकाचे नागरिकत्व आणि विद्यार्थ्याचे स्वातंत्र्य, दोहोंचे रक्षण होऊ शकेल.