सैन्यभरतीचे शैक्षणिक व शारीरिक निकष : वाशीम जिल्ह्याच्या संदर्भात एक समीक्षा

सारांश

भारतीय सैन्यातील शिपाई स्तरावरील भरतीसाठी शैक्षणिक व शारीरिक असे दुहेरी निकष लावले जातात. २०२२ मध्ये जाहीर झालेली अग्निपथ योजना आणि २०२३ पासून बदललेला परीक्षांचा क्रम यांमुळे या दोन निकषांचे परस्परसंबंध बदलले आहेत. प्रस्तुत लेखात वाशीम जिल्ह्यातील विद्यार्थ्याची स्थिती डोळ्यांसमोर ठेवून या निकषांची चिकित्सा केली आहे. निकष शिथिल करण्याची मागणी येथे केलेली नाही. निकषापर्यंत पोहोचविण्याची जबाबदारी कोणाची, हा या लेखाचा मुख्य प्रश्न आहे.

बीजसंज्ञा : सैन्यभरती, अग्निवीर, सामाईक प्रवेश परीक्षा, शारीरिक क्षमता चाचणी, वाशीम जिल्हा, महाविद्यालयाची भूमिका.

प्रस्तावना

१ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्याचे विभाजन होऊन वाशीम जिल्हा अस्तित्वात आला. वाशीम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा व मानोरा हे त्याचे सहा तालुके होत. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या ११,९७,१६० होती. २०१८ मध्ये नीती आयोगाने महाराष्ट्रातील ज्या चार जिल्ह्यांची आकांक्षित जिल्हे म्हणून निवड केली, त्यांत नंदुरबार, गडचिरोली व उस्मानाबाद (आताचे धाराशिव) यांच्यासोबत वाशीमचाही समावेश होता. सोयाबीन व तूर यांवर उभी असलेली, बहुतांशी पावसावर अवलंबून असलेली शेती आणि रोजगाराच्या मर्यादित संधी ही या जिल्ह्याची आर्थिक पार्श्वभूमी आहे.

अशा जिल्ह्यातील शेतकरी कुटुंबाला वर्दीची नोकरी हा प्रतिष्ठेचा आणि नियमित उत्पन्नाचा मार्ग वाटतो. पहाटे डांबरी रस्त्यावर धावणारी मुले हे विदर्भातील तालुक्याच्या गावांचे नेहमीचे दृश्य आहे. ही मुले सकाळी अकरा वाजता महाविद्यालयाच्या वर्गात असतात, किंवा हजेरीपत्रकात असतात आणि वर्गात नसतात. अग्निपथ योजनेच्या घोषणेत अग्निवीरासाठी साडेसतरा ते एकवीस वर्षे ही वयोमर्यादा ठेवण्यात आली होती. बारावीपासून पदवीच्या तिसऱ्या वर्षापर्यंतचा काळ साधारणतः हाच होय. त्यामुळे सैन्यभरतीचे निकष हा महाविद्यालयीन प्राध्यापकांच्याही अभ्यासाचा विषय ठरतो.

निकषांची ऐतिहासिक बाजू

सैन्यात कोणाला घ्यावे हा प्रश्न गुणवत्तेच्या मोजमापाने सोडविण्याची प्रथा फार जुनी नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ब्रिटिश लष्करी धोरणात 'लढाऊ जमाती'चा सिद्धान्त प्रबळ झाला आणि १८९२ च्या सुमारास महार समाजाची सैन्यभरती बंद करण्यात आली. ज्या समाजाने मुंबई इलाख्याच्या लष्करात पिढ्यान्पिढ्या सेवा केली होती, तो केवळ जन्माच्या आधारे अपात्र ठरला. गोपाळबाबा वलंगकर यांनी १८९४ मध्ये या निर्णयाविरुद्ध निवेदन तयार केले. पुढे शिवराम जानबा कांबळे यांनी हा प्रश्न लावून धरला. महार रेजिमेंटची उभारणी होण्यास मात्र १९४१ साल उजाडावे लागले.

या इतिहासाच्या तुलनेत घड्याळ, मोजपट्टी आणि प्रश्नपत्रिका यांवर आधारलेला आजचा निकष निःसंशय प्रगत आहे. तथापि मोजता येणारा निकष आपोआप न्याय्य ठरत नाही. मोजमाप कशाचे, कोणत्या क्रमाने आणि कोणत्या भाषेत केले जाते, हे तपासावेच लागते.

शारीरिक निकष : बदलता येणारे आणि न येणारे

शारीरिक निकषांचे दोन भाग पडतात. उंची, दृष्टी यांसारखे निकष उमेदवाराच्या प्रयत्नाने बदलत नाहीत. धावणे, पुल-अप्स यांसारखे निकष सरावाने साध्य होतात. सामान्य सेवा (जनरल ड्यूटी) या पदासाठी महाराष्ट्रातील उमेदवाराची उंची किमान १६८ सेंटिमीटर असावी लागते. हीच मर्यादा पंजाब, हरियाणा या पश्चिमी मैदानी प्रदेशासाठी १७०, तर दक्षिणेकडील राज्यांसाठी १६६ सेंटिमीटर आहे. शरीराची ठेवण प्रदेशानुसार भिन्न असते, हे तत्त्व सैन्याने येथे उघडपणे मान्य केले आहे.

धावण्याच्या चाचणीत १.६ किलोमीटर अंतर ५ मिनिटे ३० सेकंदांच्या आत पार करणाऱ्यास ६० गुण, तर ५ मिनिटे ३१ सेकंद ते ५ मिनिटे ४५ सेकंद घेणाऱ्यास ४८ गुण मिळतात. दहा पुल-अप्सला ४० गुण, नऊला ३३ आणि सहाला १६ गुण आहेत. नऊ फुटी खड्डा ओलांडणे व नागमोडी पट्टीवरून तोल सांभाळत चालणे यांत केवळ उत्तीर्ण व्हावे लागते. ४०० मीटरच्या धावपट्टीवर हिशेब केला, तर ५ मिनिटे ३० सेकंदांसाठी प्रत्येक फेरी साडेब्याऐंशी सेकंदांत पूर्ण करावी लागते. योग्य सरावाने निरोगी तरुणाला हे साधणे शक्य आहे. परंतु फेरीचा वेळ मोजण्यासाठी आखलेली धावपट्टी लागते. रस्त्यावर अंदाजाने धावणाऱ्याला आपली खरी गती प्रत्यक्ष चाचणीच्या दिवशीच कळते.

या गुणपद्धतीतील एक दोष नमूद करणे आवश्यक आहे. एका सेकंदाच्या फरकाने १२ गुण कमी होतात, आणि त्यानंतरच्या चौदा सेकंदांत मात्र एकही गुण कमी होत नाही. २०२५ च्या भरतीत धावण्याची मुदत ६ मिनिटे १५ सेकंदांपर्यंत वाढवून अनुक्रमे ३६ व २४ गुणांचे दोन नवे गट करण्यात आले. त्यामुळे पायऱ्यांची संख्या वाढली. परंतु प्रत्येक पायरीवरील १२ गुणांची घसरण कायम राहिली.

शैक्षणिक निकष आणि त्याचा अर्थ

जनरल ड्यूटीसाठी दहावीत एकूण ४५ टक्के व प्रत्येक विषयात ३३ टक्के गुण आवश्यक असतात. महाराष्ट्र राज्य मंडळाची उत्तीर्णतेची मर्यादा ३५ असल्यामुळे येथील विद्यार्थ्याला खरा अडसर एकूण टक्केवारीचाच असतो. लिपिक व भांडारपाल या पदासाठी बारावीत एकूण ६० टक्के व प्रत्येक विषयात ५० टक्के गुण लागतात. उंची मात्र १६२ सेंटिमीटर पुरेशी असते.

हे दोन निकष एकत्र वाचले की एक महत्त्वाची गोष्ट लक्षात येते. ज्या मुलाची उंची १६५ सेंटिमीटर आहे, त्याला जनरल ड्यूटीचा मार्ग बंद असून लिपिक पदाचा मार्ग खुला आहे. मात्र त्यासाठी त्याला बारावीत पंधरा टक्क्यांनी वरची मर्यादा गाठावी लागते. ही माहिती अकरावीच्या आरंभी मिळाली तर ती उपयोगी असते. भरतीच्या मैदानावर मोजपट्टीखाली उभे राहिल्यावर मिळाली, तर दोन-तीन वर्षे वाया गेलेली असतात.

शालान्त परीक्षेच्या गुणांवर विसंबण्यातील अडचणही दुर्लक्षिता येत नाही. राज्य मंडळाचा दहावीचा निकाल २०१९ मध्ये ७७.१० टक्के, २०२० मध्ये ९५.३० टक्के आणि करोनामुळे परीक्षा न झालेल्या २०२१ मध्ये ९९.९५ टक्के लागला. तीन वर्षांतील विद्यार्थ्यांची बुद्धिमत्ता इतकी बदलली असे कोणी म्हणणार नाही. बदलली ती मूल्यमापनाची पद्धत. २०१९ मधील ४५ टक्के आणि २०२१ मधील ४५ टक्के यांचे मोल सारखे नाही. या दृष्टीने सर्वांसाठी एकच प्रवेश परीक्षा घेण्याचे सैन्याचे धोरण समर्थनीय आहे. आधुनिक शस्त्रप्रणाली व संपर्कसाधने हाताळणाऱ्या सैनिकाला गणित व विज्ञानाची किमान जाण हवी, याविषयीही दुमत असण्याचे कारण नाही.

क्रमाचा प्रश्न

२०२३ पूर्वी भरती मेळाव्यात प्रथम धावणे, नंतर शारीरिक मोजमाप व वैद्यकीय तपासणी आणि शेवटी लेखी परीक्षा असा क्रम होता. २०२३ पासून संगणकाधारित सामाईक प्रवेश परीक्षा आरंभी घेतली जाऊ लागली आणि तीत गुणानुक्रमे निवडलेल्यांनाच मेळाव्यास बोलावले जाऊ लागले. मेळाव्यांतील प्रचंड गर्दी व प्रशासकीय ताण कमी करणे, हे या बदलामागील एक घोषित कारण होते.

महाराष्ट्र पोलीस भरतीत याच सुमारास उलट दिशेने बदल झाला. २०१९ मध्ये तेथे लेखी परीक्षा आधी घेण्याचा नियम करण्यात आला होता. २०२२ मध्ये तो बदलून ५० गुणांची शारीरिक चाचणी पुन्हा पहिल्या टप्प्यावर आणली गेली आणि त्यातून एकास दहा या प्रमाणात उमेदवार १०० गुणांच्या लेखी परीक्षेसाठी निवडले जाऊ लागले. वाशीमचा एकच विद्यार्थी या दोन्ही भरतींची तयारी करतो. उमेदवारांच्या बोलीत सांगायचे, तर एका ठिकाणी आधी 'ग्राउंड' आणि मग 'लेखी', तर दुसऱ्या ठिकाणी आधी 'लेखी' आणि मग 'ग्राउंड'.

दोन्ही टप्प्यांवर केवळ उत्तीर्ण-अनुत्तीर्ण इतकाच विचार झाला असता, तर क्रमाने अंतिम निकालात फरक पडला नसता. परंतु पहिला टप्पा मर्यादित संख्या निवडणारा असतो, तेव्हा त्या टप्प्यावर मोजला जाणारा गुणच निर्णायक ठरतो. सैन्यभरतीत हा गुण आता शालेय गणित, विज्ञान, सामान्य ज्ञान आणि तर्क यांचा आहे. परिणामी दोन वर्षे पहाटे धावलेला मुलगा एकदाही न धावता स्पर्धेबाहेर जाऊ शकतो. त्याच्या पायांतील बळाची दखलच घेतली जात नाही. दखल घेतली जाते ती त्याच्या माध्यमिक शाळेतील गणिताच्या अध्यापनाची.

यात भाषेचा प्रश्नही गुंतलेला होता. २०२३ व २०२४ मध्ये ही परीक्षा इंग्रजी व हिंदी या दोनच भाषांत झाली. मराठी माध्यमात 'घनता', 'त्वरण', 'चक्रवाढ व्याज' शिकलेल्या मुलाला एका तासात पन्नास प्रश्न परक्या परिभाषेत सोडवावे लागत होते, आणि चुकीच्या उत्तराला गुणकपातही होती. २०२५ मध्ये मराठीसह तेरा भाषांत परीक्षेची सोय झाली, ही स्वागतार्ह सुधारणा होय. उंचीच्या बाबतीत जे प्रादेशिक भान आधीपासून होते, ते भाषेच्या बाबतीत येण्यास मात्र विलंब लागला. या दोन वर्षांत वयोमर्यादा ओलांडलेल्यांना त्याचा लाभ मिळाला नाही.

निकष शिथिल करावेत काय ?

मागास भागांसाठी निकष खाली आणावेत, असा एक विचार सहज पुढे येतो. अमेरिकेचा अनुभव याविषयी सावध करणारा आहे. व्हिएतनाम युद्धाच्या काळात, १९६६ मध्ये, संरक्षणमंत्री रॉबर्ट मॅक्नामारा यांनी 'प्रोजेक्ट १,००,०००' हा कार्यक्रम सुरू करून बौद्धिक चाचणीत कमी पडणाऱ्या तीन लाखांहून अधिक तरुणांना सैन्यात घेतले. गरिबांना संधी, असे त्याचे समर्थन होते. प्रत्यक्षात या तरुणांपैकी अनेकांना युद्धात मोठी किंमत मोजावी लागली. निकष शिथिल झाला, तरी रणांगणाची कठोरता शिथिल होत नाही.

त्याच देशाने ऑगस्ट २०२२ मध्ये फोर्ट जॅक्सन येथे वेगळा प्रयोग केला. शैक्षणिक चाचणीत किंवा शरीरातील चरबीच्या मर्यादेत थोडक्यात कमी पडणाऱ्यांसाठी मूलभूत प्रशिक्षणापूर्वी नव्वद दिवसांपर्यंतचा तयारी अभ्यासक्रम सुरू करण्यात आला. निकष तोच ठेवून उमेदवाराला तेथवर आणण्याचा खर्च संस्थेने उचलला. भारतात मात्र हा खर्च मुख्यतः उमेदवाराचे कुटुंब खासगी अकादमीच्या शुल्काच्या रूपाने उचलते. ज्याला ते शुल्क परवडते तो निकषाच्या जवळ पोहोचतो. समान निकषाची असमानता येथे आहे.

महाविद्यालयाची भूमिका

या पोकळीत महाविद्यालयाला निश्चित स्थान आहे. आवश्यक साधने बहुतेक ठिकाणी आधीच उपलब्ध असतात : मैदान, क्रीडा संचालक, संगणक प्रयोगशाळा, गणित व विज्ञानाचे अध्यापक आणि राष्ट्रीय छात्र सेनेचे पथक. ही साधने एकमेकांशी जोडलेली नसतात, हा प्रश्न आहे. मैदानावर मोजून आखलेला मार्ग, दहावीच्या गणित-विज्ञानाची उजळणी, प्रयोगशाळेत वेळ लावून दिलेल्या सराव परीक्षा आणि अकरावीच्या प्रवेशावेळी उंची व दृष्टीची तपासणी यांसाठी फार मोठ्या निधीची गरज नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार सहअभ्यासक्रमांना श्रेयांक मिळू लागल्याने या कामाला वेळापत्रकातही जागा देता येते.

दुसरी जबाबदारी सेवेनंतरची आहे. अग्निपथ योजनेनुसार चार वर्षांनंतर कमाल २५ टक्के अग्निवीर नियमित सेवेत घेतले जातात. उर्वरित तरुण ऐन पंचविशीच्या आत गावी परततात. दहावी उत्तीर्ण अग्निवीरांसाठी राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेमार्फत बारावीची आणि इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठामार्फत पदवीची योजना २०२२ मध्ये जाहीर झाली. या तरुणांना नियमित महाविद्यालयात पुन्हा सामावून घेण्याची तयारीही हवी. जे निवडले गेले नाहीत, त्यांचे शिक्षण या काळात सुटू नये याची काळजी तर त्याहून अगोदर घ्यावयास हवी.

निष्कर्ष

१. शारीरिक निकषांत प्रादेशिक भिन्नतेची दखल आहे; शैक्षणिक निकषांत ती २०२५ मध्ये भाषेपुरती घेतली गेली.

२. लेखी परीक्षा प्रथम घेतल्याने निवडीचा भार मैदानावरून माध्यमिक शिक्षणाच्या दर्जावर सरकला आहे. त्यामुळे वाशीमसारख्या जिल्ह्यातील शालेय गणित-विज्ञानाचे अध्यापन हा भरतीचाच प्रश्न बनला आहे.

३. धावण्याच्या गुणांतील पायऱ्यांऐवजी वेळेनुसार क्रमाने कमी होणारे गुण अधिक न्याय्य ठरतील.

४. निकष शिथिल करण्यापेक्षा तयारीची सार्वजनिक व्यवस्था उभारणे हिताचे आहे आणि तिचे सर्वांत जवळचे केंद्र तालुक्याचे महाविद्यालय होय.

निवड होणे अथवा न होणे हे अखेर उमेदवाराच्या कर्तृत्वावर सोडावे लागते. परंतु आपण कोणत्या निकषावर व का मागे पडलो, हे त्याला वेळेत समजणे आणि ती उणीव भरून काढण्याची जागा त्याच्या गावाजवळ असणे, एवढी अपेक्षा शिक्षणव्यवस्थेकडून करणे अवाजवी ठरणार नाही.